खिशातली चिवचिव

आमच्या नानांनी चहाला शंभरपैकी साठाच्या वर मार्क दिल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. पहिला घोट घेऊन ते कप खाली ठेवत, छताकडे बघत, "बावन्न," म्हणत आणि उरलेला चहा शांतपणे पिऊन टाकत. बावन्न मार्कांचाच चहा इतकी वर्षं का पीत आलात, असं विचारण्याची छाती कोणाची नव्हती. विचारलं असतं तर प्रश्नालाही मार्क मिळाले असते.

त्यांच्या नावाशी आपल्याला काम नाही. जळगावच्या एका डाळमिलमध्ये ते खरेदी बघत. सगळा बाजार त्यांना नाना म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. मी तिथे इंग्रजी पत्रव्यवहारासाठी लागलो होतो. शेठच्या घरी इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती. त्यामुळे माझ्या विद्वत्तेची गरज तशी बेताचीच होती.

माझी मुलाखत नानांनीच घेतली. काळ्या जाकिटाच्या खिशातून त्यांनी एक दाणा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"चावा."

मी चावला.

"काय वाटलं?"

"तूर आहे."

"तूर आहे हे मलाही दिसतंय. ओल किती?"

मी दाणा पुन्हा चावून पाहिला. नानांनी छताकडे बघितलं. "सत्तेचाळीस," ते शेठना म्हणाले. "घ्या याला. पत्रं लिहायला तूर कशाला कळायला पाहिजे?" त्या दिवसापासून ते मला 'बी.ए.' म्हणू लागले. त्यात कौतुक नव्हतं. पोत्यावर मालाचं नाव लिहितात तेवढंच ते होतं.

मार्क द्यायची ही सवय धंद्यातूनच आली असावी. तालुक्याच्या गावांतून वानगी येई. वानगी म्हणजे मालाचा मूठभर नमुना. तो तळहातावर पसरून, फुंकून, एक दाणा दाढेखाली फोडून माल कोणत्या प्रतीचा ते ठरवायचं, हे नानांचं काम. त्यांची दाढ म्हणजे मिलमधलं सगळ्यात महागडं यंत्र, असं शेठ पाहुण्यांना सांगत. पण माणसाला एका गोष्टीची प्रत ठरवायचा अधिकार मिळाला की तो तिथे थांबत नाही. नाना भाषणांना मार्क देत, आमदारांना देत, लग्नातल्या जेवणाला देत. त्यांच्या मुलीला बघायला धुळ्याहून मंडळी आली, तेव्हा मुलाशी पाच मिनिटं बोलून ते सगळ्यांदेखत "एकसष्ट" म्हणाले.

"कशापैकी?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"शंभरपैकी."

मुलाच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. मग नाना म्हणाले, "आमच्या घरात एवढे अजून कोणालाच पडलेले नाहीत." लग्न जमलं.

एकदा मी त्यांना विचारलं, "नाना, शंभर कोणाला देणार?"

"देवाला दिले असते. पण तो वानगी पाठवत नाही."

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. मोठ्या शेठचा मुलगा पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला आणि येताना टाय आणि नवे शब्द घेऊन आला. टाय जळगावच्या एप्रिलमध्ये आठवडाभर टिकला. शब्द टिकले. आम्ही त्याला छोटे शेठ म्हणू लागलो. त्याच सुमारास धुळ्याचा एक विक्रेता मिलमध्ये येऊ लागला. विशीतला, चुणचुणीत मुलगा. त्याच्या बॅगेत चष्म्याच्या घरासारखी उघडणारी एक काळी डबी होती. वरच्या झाकणात इवलासा पडदा आणि खालच्या भागात ए ते झेड सगळी अक्षरं, सगळे आकडे, वेगवेगळ्या बटणांवर. तिला डिजिटल डायरी म्हणत. नावं, पत्ते, फोन, भेटींच्या वेळा, हिशेब, सगळं ती पोटात ठेवी. पुढे आलेल्या खिशातल्या फोनांची ती थोरली बहीण. फक्त ती बोलत नसे.

छोट्या शेठनी ठरवलं, की मिलच्या सगळ्या खरेदीदारांना ही डबी द्यायची. मोठे शेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "नानांना दाखव. त्यांनी पास केली तर घेऊ."

यात काय गुंतलेलं आहे हे मिलमध्ये झाडू मारणारीलाही कळत होतं. जामनेर, धरणगाव, भडगाव इथला कोणता व्यापारी कसा, कोणाच्या मालात काडीकचरा, कोणाचा फोन कोणाच्या दुकानात येतो, हे सगळं नानांच्या डोक्यात होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं. नानांची खुर्ची त्या डोक्यावर उभी होती. छोट्या शेठनी तर गोड आवाजात सांगूनच टाकलं, "नाना, तुमच्या डोक्यातलं सगळं यात उतरवा. मग दिवाळीनंतर तुम्ही आराम करा. फार केलंत." आणि नापास झाली तर? तर होतं तसंच चालेल, असं मोठे शेठ म्हणाले. म्हणजे नानांना स्वतःच्याच खुर्चीची परीक्षा घ्यायला बसवलं होतं.

नानांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट ते खूष झाले. एवढ्या मोठ्या गोष्टीची परीक्षा त्यांच्याकडे आजवर आली नव्हती. त्यांनी विक्रेत्याकडून डबी घेतली आणि सोबतची माहितीपुस्तिका परत केली.

"सर, यात सगळं दिलंय," विक्रेता म्हणाला.

"ज्याची परीक्षा घ्यायची त्याचंच म्हणणं आधी ऐकायचं नसतं," नाना म्हणाले.

पुस्तिका विक्रेत्याने माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यावर मी चहाचा कप ठेवत असे.

परीक्षा आमच्या कचेरीत सुरू झाली. कचेरी म्हणजे मिलला चिकटलेली एक खोली. भिंतीपलीकडे डाळ भरडणारी यंत्रं दिवसभर घरघरत. आम्ही सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलत असू आणि घरी गेल्यावर बायका "भांडताय कशाला?" म्हणत. नानांचं जाडजूड बोट एका वेळी तीन बटणं दाबी. पहिल्या दिवशी त्यांनी धरणगावच्या एका व्यापाऱ्याचं नाव लिहिलं ते वाचून मला वाटलं, रशियाशी व्यवहार सुरू झाला. विक्रेत्याने पेन्सिलीने दाबायचा सल्ला दिला. नानांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने पेन्सिल खिशात घातली. "भाकरी चमच्याने खातोस का?" नाना म्हणाले. आणि आठ-पंधरा दिवसांत बोटाच्या कडेने दाबायला ते शिकले. बटणं चांगली उठावदार होती, मधल्या पाचावर बारीक टिंब होतं. एका दुपारी पाहतो तो नाना डोळे मिटून आकडे दाबतायत आणि उघडून पडताळतायत. चेहऱ्यावर जवळजवळ धार्मिक भाव.

"बटणं चौसष्ट," ते म्हणाले. चौसष्ट हा आकडा त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

मग उन्हाची परीक्षा झाली. मे महिन्यात डबी मिलच्या जीपमध्ये राहिली. परत आणली तेव्हा पडदा डांबरासारखा काळा. विक्रेत्याचा चेहराही तसाच. नानांनी डबी फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली, आणि चहा होईपर्यंत पडदा पुन्हा उजळला. "माणसालाही जीपमध्ये ठेवलं असतं तर तो उजळला नसता," नाना म्हणाले आणि मार्क कापले नाहीत. मला वाटतं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की हा माणूस खरोखर परीक्षा घेतोय.

खरी गंमत नावं भरताना झाली. नाना सांगत, मी दाबत असे; छोटे शेठ आणि विक्रेता बाजूला उभे. नाव, गाव, फोन. मग नाना म्हणाले, "लिहा. दुपारी जेवल्यावर भाव उतरतो."

"नाना, याला इथे रकाना नाही."

"आणि 'बायको माहेरी असली तर सौदा करू नये' याला?"

"नाही."

नाना छोट्या शेठकडे पाहून हसले. मीही मनातल्या मनात हसलो. यंत्र ते यंत्र, माणूस तो माणूस, असं एक वाक्य माझ्या तोंडात तयार होत होतं. तेवढ्यात विक्रेता पुढे आला. "सर, हा मेमोचा कप्पा. यात काहीही लिहा. प्रत्येक पार्टीला वेगळा." आणि त्याने बायको माहेरी गेल्याची नोंद करून दाखवली. नानांचं हसू मावळलं. त्यांनी ती नोंद दोनदा वाचली. मग म्हणाले, "हे चांगलंय," आणि कागदावर आकडा लिहिला. तो किती होता ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष सौद्यात घ्यायची होती. त्यासाठी नाना मला घेऊन भडगावला गेले.

आमच्या भागात व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतले भाव तेव्हाही रुमालाखाली ठरत. बाजार समितीत उघड लिलाव सक्तीचा झाला होता, पण दुकानाच्या ओट्यावर जुनी माणसं जुन्याच रीतीने बसत. दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकायचा, आत एकाने दुसऱ्याची बोटं धरायची. कोणती बोटं, किती पेरं, त्यावरून आकडा. बाहेर तोंडं पावसापाण्याचं बोलत असतात. बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. नानांना या डबीचं जे मोठं कौतुक वाटलं होतं ते इथेच. उजवा हात रुमालाखाली, डावा जाकिटाच्या खिशात डबीवर. समोरचा बोट धरील तो आकडा खिशात न बघता दाबायचा, हमाली-भाडं धरून काय पडेल ते पुढच्या क्षणी खिशात एक नजर टाकून बघायचं. कागद नाही, पेन नाही. मिटलेल्या डोळ्यांनी केलेला सराव तो याचसाठी.

भडगावचे आबा म्हणजे गिरणा नदीकाठचे जुने तुरीचे व्यापारी. वयाने नानांहून मोठे, तोंडात पान, अंगात बंडी. गाव दुपारी पेंगत होतं. दुकानात माशी उडाली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. रुमाल पडला. आबांनी आत बोट धरलं, आणि नानांच्या खिशातून आवाज आला: चिव, चिव, चिव.

मी दचकलो. हा आवाज मी आधी ऐकला नव्हता. म्हणजे तो रोजच होत असणार, पण मिलच्या घरघरीत कोणाच्याच कानावर पडला नव्हता. नानांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तीस वर्षं यंत्रांशेजारी काढलेल्या कानांना असले बारीक आवाज कधीच सोडून गेले होते. बटण दाबलं की डबी चिवचिवते, हे नानांना इथेही ऐकू येत नव्हतं.

आबांचं पान तोंडातच थांबलं. त्यांनी बोट बदललं. चिव, चिव, चिव. पुन्हा बदललं. आता नानांनी मान ठाम हलवली: नाही, जमणार नाही. आणि खिशातून चार वेळा आवाज आला.

मी नानांना डोळ्याने खुणावत होतो. ते मला 'गप्प बसा, बी.ए.' अशा नजरेने बघत होते. सौद्यात तिऱ्हाईताने बोलायचं नसतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

आबांनी मग आपला आकडा सोडला नाही. नाना उठायचं सोंग करून पाहू लागले, आबा खुशाल बसले. नाना दुसऱ्या दुकानाचं नाव घेऊ लागले, आबांनी त्यांना पान पुढे केलं. शेवटी सौदा आबांच्याच भावाने, हजाराच्या वर, पटला. रुमाल उचलल्यावर आबा पोट धरून हसायला लागले.

"नाना, तुना खिसामा पाखरू शे का?"

"कसलं पाखरू?"

"हजारना आत भाव ऱ्हायना ते तीन दाव वरडस. हजारना वर गया ते चार दाव. तू तोंडघाई नही नही करी ऱ्हायंता, अन् तुना खिसा हा हा करी ऱ्हायंता. माले बठ्ठं समजी गयं!"

दुकानातले सगळे हसले. एका अंकाला एक चिव, आणि तोंडाने नाकारलेला भाव खिशात हिशेबाला घेतला जात होता, हा अर्थ नानांना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी डबी काढून कानाला लावली, एक बटण दाबलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, वाजते.

दुसऱ्या दिवशी ही बातमी आमच्या आधी जळगावच्या बाजारात पोचलेली होती. नाना ओट्यांपुढून गेले की दलाल आपसात चिवचिव करत. छोटे शेठ पडेल चेहऱ्याने फिरत होते. डबी नापास, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. धंद्याचं गुपित चव्हाट्यावर सांगणारं यंत्र कोण घेणार? नानांची खुर्ची वाचली म्हणून हमालांनी मला चहा पाजला.

त्याच आठवड्यात विक्रेता आला. त्याला भडगावची हकीकत मीच सांगितली. तो हसला नाही. त्याने नानांच्या हातातून डबी घेतली, दोन बटणं एकदम दाबली, आणि आम्हाला कचेरीबाहेर नेऊन कडुनिंबाखाली आकडे दाबून दाखवले. आवाज नाही.

"सर, आवाज बंद करता येतो. पुस्तिकेत पहिल्याच पानावर दिलंय."

नानांनी डबी परत घेऊन खिशात टाकली. विक्रेता गेल्यावर मी म्हणालो, "नाना, हे आपल्या तिघांशिवाय कोणाला माहीत नाही."

"मला माहीत आहे ना," नाना म्हणाले. "मार्क मी देतो. तुम्ही नाही."

निकाल त्यांनी मला सांगितला आणि मी टाइप केला. बटणं, पडदा, उष्णता, मेमो. आवाज: चालू-बंद करता येतो, दोष नाही. एकूण बासष्ट. पास. मी कागद ओढून काढायला गेलो तर नाना म्हणाले, "थांबा. खाली लिहा. परीक्षक."

"परीक्षक काय?"

"पुस्तिका वाचली नाही. कान गेले हे स्वतःला कळलं नाही. त्यामुळे भडगावचा माल वाढीव भावाने घेतला. एकूण तीस. नापास."

"नाना, हे काढू या."

"टाइप करा."

गादीवर सगळे जमले. छोटे शेठ उभे राहून निकाल वाचू लागले. 'पास' हा शब्द आला तेव्हा त्यांचा आवाज एकदम पुण्याचा झाला. मग पुढची ओळ दिसली आणि ते अडखळले. त्यांनी कागदाची घडी घालायला सुरुवात केली.

"पूर्ण वाच," मोठे शेठ म्हणाले.

छोट्या शेठनी हळू आवाजात वाचलं. नानांनी हात कानामागे धरला होता. वाचून झालं. सगळे मोठ्या शेठकडे बघत होते. नानाही. शेठनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "असा माणूस बाजारात दुसरा नाही. आजवर नानांच्या शब्दाबाहेर आपण गेलो नाही. आजही जाणार नाही."

म्हणजे डबी पास आणि नाना नापास, दोन्ही मान्य झालं.

दिवाळीनंतर निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, चांदीचं ताट, आणि बाहेरून बोलावलेला एक वक्ता. तो नानांना ओळखत नव्हता, त्यामुळे सविस्तर बोलला. 'निःस्पृह' हा शब्द त्याने इतक्यांदा वापरला, की शेवटी तो एखाद्या खताचं नाव वाटू लागला. नानांनी भाषणाला मार्क दिले नाहीत. बहुधा ऐकू आलं नसावं. मग ते मुलीकडे धुळ्याला राहायला गेले. डब्या आल्या, खरेदीदारांच्या खिशात गेल्या, आणि काम ठीक चाललं. नाना गेल्यामुळे मिल बुडाली असं लिहायला मला आवडलं असतं, पण मिल चांगली चालली.

दोनेक वर्षांनी धुळ्यात काम निघालं तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. देवपुरात मुलीचं घर होतं. नाना अंगणात खाटेवर बसले होते, जाकीट नव्हतं. जाकिटाशिवाय ते कोणाचे तरी आजोबा दिसत होते. मी त्यांना मोठ्या आवाजात मिलच्या बातम्या सांगितल्या. बाजारात अजून तुमचं नाव निघतं, सांगितलं. परीक्षकाने स्वतःला नापास करावं हे कोणी पाहिलं नव्हतं, असं लोक म्हणतात, हेही सांगितलं.

नाना ऐकत होते. मग त्यांनी घराच्या दाराकडे एकदा पाहिलं, मुलगी आसपास नाही याची खात्री केली, आणि माझ्याकडे वाकले. हळू बोलायची सवय नसल्यामुळे ते जरा मोठ्यानेच म्हणाले,

"बी.ए., खरं सांगू? ती ओळ ऐकून शेठ म्हणतील, 'जाऊ द्या हो नाना, चुकतं माणसाचं, बसा तुमच्या जागेवर,' असं मला वाटलं होतं."